सत्तर ताटं

धुळे,
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
दिपमालाचा सा. न. वि. वि.

रिकाम्या डब्यातून हे पत्र पाठवतेय. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं पहिलं वाक्य ऐकतेस आणि पुढचा सगळा वेळ तूच बोलतेस. म्हणून आधी शेवटपर्यंत वाच, मग काय चिडायचं ते चिड.

सोमवारपासून मला डबा पाठवू नकोस.

मी आजारी नाही आणि रुसलेलीही नाही. आमच्या वसतिगृहाची मेस तुला ठाऊक आहेच. वरणात डाळ शोधावी लागते आणि भात एकतर कच्चा, नाहीतर लगदा. आम्ही सत्तर मुली, मेसचे पैसे सगळ्यांनी प्रवेश घेतानाच भरलेत. पण पंचेचाळीस जणींचा डबा रोज घरून एस.टी.ने येतो, म्हणून ठेकेदार पंचवीस जणींपुरतंच शिजवतो, आणि तेही असलं. त्या पंचवीस जणी कोण, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या, इतक्या लांबच्या की डबा यायचा म्हटला तरी नासून येईल. माझ्या खोलीतली रेशमा त्यांच्यातलीच. डिसेंबरात ती दोनदा प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. आता तिचे वडील रविवारी, बारा तारखेला, तिला कायमची घरी न्यायला येताहेत. वर्गात पहिली येणारी पोरगी गं ती! मला तर रडूच येतं.

मी विद्यार्थी संघटनेची वसतिगृहाची सेक्रेटरी, पण करू काय? आमच्या अध्यक्षाला, त्या दीपकला, निवेदनं देण्याचा भारी सोस. सहा दिली. सहाही ‘पोचल्या’च्या शिक्क्यांसकट त्याने फाइलला लावून ठेवलीत. प्राचार्य म्हणतात, सत्तरांपैकी पंचेचाळीस मुलींची काही तक्रारच नाही. कशी असेल? त्या घरचं भरीत खाताहेत! म्हणून ठरवलंय, सोमवारपासून सत्तरच्या सत्तर जणींनी ताट घेऊन मेसमध्ये बसायचं. घोषणा नाहीत, उपोषण नाही. नुसतं जेवायला जायचं.

नानांना नमस्कार सांग. लोभ रोजच्यासारखा असू दे, डबा तेवढा नको.

तुझी,
दिपमाला

---

धरणगाव,
सोमवार, ६ जानेवारी

चि. दिपमाला हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. रागात असले तरी आशीर्वाद ते आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली, दोनदा वाचली. आता तू वाच. तुझे नाना म्हणाले पोरगी बरोबर शे, आणि मला शपथ घातली, म्हणून आज डबा धाडला नाही. सकाळी पाचला उठून चुलीपुढे नुसती बसून राहिले. दुपारी माझ्याच घशाखाली घास उतरेना.

मी सातवीच शिकले, पण वजाबाकी येते मला. सत्तर पोरी जेवायला जाणार आणि शिजणार पंचवीस जणींचं. म्हणजे पंचेचाळीस पोरी उपाशी! याला तू जेवायला जाणं म्हणतेस? संघटना काढायची तर काढा बाई, पण आधी पोटाचं बघा. रेशमाचं मला सांगू नकोस. तिच्यासाठी गेलं दीड वर्ष मी दोन भाकऱ्या जास्तीच्या घालते. विचार तिला, एक दिवस तरी चुकले का?

तेव्हा उद्याच्या गाडीने मी दुरडी पाठवतेय. बेबाबाई सकाळपासून मदतीला बसली आहे, तिची ज्योती तुमच्यातच ना. आठ किलो वांगी भाजली. नव्वद भाकऱ्या आहेत, एकीला दोन. मिरचीचा ठेचा वेगळा बांधलाय. प्रेमराजभाऊ कंडक्टरला बजावलंय की स्टँडवर पोरी न्यायला आल्या नाहीत, तर रिक्षा करून थेट मेसमध्ये पोचतं कर. तुझ्या त्या अध्यक्षालाही दे, निवेदनं लिहून थकला असेल.

लोभ आहे म्हणून तर भाकरी आहे, हे विसरू नकोस.

तुझी आई,
कोकिळा

---

धुळे,
बुधवार, ८ जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

दुरडी परत पाठवतेय. डोकं इतकं तापलंय की काय लिहू आणि काय नको असं झालंय.

अगं, त्या पंचेचाळीस जणी उपाशी राहिलेल्या दिसल्या पाहिजेत, हाच तर सगळा बेत होता! सोमवारी सत्तर जणी रांगेने बसलो. सव्विसाव्या ताटाला वरण संपलं. ठेकेदाराला घाम फुटला. आम्ही कुणी ओरडलो नाही की उठलो नाही, रिकामं ताट पुढ्यात घेऊन तासभर बसून राहिलो. ही बातमी वरपर्यंत गेली आणि काल खुद्द प्राचार्य बघायला आले. सहा निवेदनांनी जे झालं नव्हतं ते एका दिवसात झालं होतं. सर दारात उभे, पंचेचाळीस ताटं रिकामी, ठेकेदाराची बोबडी वळलेली. आणि तेवढ्यात रिक्षा आली.

रिक्षावाल्याने सरांच्या शेजारूनच दुरडी आत आणली आणि धरणगावहून भरीत आलंय म्हणून मोठ्याने सांगितलं. दोन दिवसांच्या भुकेल्या पोरी, वास सुटलेला. कुणाला आवरणार? तुझी ती ज्योती सगळ्यांत पुढे! ठेकेदाराच्या जिवात जीव आला. तो सरांना म्हणाला, बघा साहेब, हे असं रोज घरून येतं, मग मी कुणासाठी शिजवू? सर हसले आणि निघून गेले. जाताना ठेच्याचं कौतुकही करून गेले.

आता निम्म्या जणी म्हणतात, आपलाही डबा सुरू करू. दीपक सातवं निवेदन लिहायला बसलाय. रेशमाने ट्रंक आवरायला घेतलीय. ती तुझ्यावर जराही रागावली नाही, उलट काकूंना बोलू नकोस म्हणून मलाच दटावलं. त्याचाच मला जास्त संताप आला.

आई, माया कर, पण एकदा तरी माझं ऐकून कर गं. लोभ आवरून धरावा, ही विनंती.

तुझी,
दिपमाला

---

धरणगाव,
गुरुवार, ९ जानेवारी

चि. दिपमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझं पत्र नानांनी मोठ्याने वाचलं. वाचताना हसत होते, मेले. चूक झाली हे मी त्यांच्यापाशी कबूल केलं. तुझ्यापाशी करणार नाही, तू डोक्यावर बसशील.

पण एक गोष्ट मनाला फार लागली. मला वाटायचं, मी डबा देते ते माझ्या लेकीला. त्याने कुणाचं काय बिघडतं? आणि इकडे माझ्या भाकरीच्या आडोशाने तो मेला ठेकेदार दुसऱ्यांच्या लेकींना पाणी पाजत होता. हे टाळक्यात शिरायला वयाची पंचेचाळीस वर्षं गेली.

आज सकाळी डबा न घेताच स्टँडवर गेले. प्रेमराजभाऊ घाबरला, म्हणाला, वहिनी, घरी सगळं ठीक ना? इथून तुमच्या मेसच्या आठ पोरींना डबे जातात, ते आज पुन्हा निघाले होते. त्या बठ्ठ्या, आठही मायांना गाडीपाशीच अडवलं. काय एकेकीची तोंडं! बेबाबाई तर भडकलीच. म्हणाली, परवा नव्वद भाकऱ्या थापून घेतल्या आणि आज एकही नको म्हणतेस, तुझं डोकं फिरलं का? म्हटलं, हो, फिरलं. तुझी ज्योती चार दिवस अर्धपोटी राहिली तर काही मरत नाही. त्या रेशमाचं तर शिक्षणच मरतंय. मग एकेकीने डबा माघारी उचलला. बेबाबाईनेही नेला, पण माझ्याकडे न बघता गेली.

अमळनेर, पारोळा, भडगाव तिकडच्या मायांना मी कुठे गाठू? पण प्रेमराजभाऊ म्हणाला, ते माझ्यावर सोडा. धुळ्याच्या स्टँडवर चहाला सगळे कंडक्टर एकत्र असतात. उद्यापासून तुमच्या मेसचा एकही डबा कुणी गाडीत घेणार नाही. हे पाकीट त्याच्याच हाती देतेय.

रेशमाला म्हणावं, ट्रंक उघड.

लोभ आहे तेवढाच आहे, दोन दिवस नुसता राहील.

तुझी आई,
कोकिळा

---

धुळे,
सोमवार, १३ जानेवारी

आदरणीय काकूंना,
रेशमाचा नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या घरी पावरी बोलतात, त्यामुळे मराठी शाळेचं आहे. दिपमाला म्हणाली होती की तपासून देते, पण मी तिला दाखवलं नाही.

शुक्रवारी एकही डबा आला नाही. शनिवारीही नाही. शनिवारी सर न सांगता आले आणि ताट घेऊन आमच्या रांगेतच बसले. ठेकेदार सारखा फाटकाकडे बघत होता, म्हणत होता, येतीलच डबे. बत्तिसाव्या ताटाला वरण संपलं, सरांचा नंबर चाळिसावा होता. तासभर तेही बसले. मग उठले, कोरडं ताट नळाखाली धुतलं आणि गेले. संध्याकाळी बैठक झाली. आता रोज सत्तर जणींचं शिजायचं, आणि सकाळी डाळ-तांदूळ दोन मुलींसमोर मोजून घ्यायचे. त्या दोघींतली एक मी आहे.

काल बाबा आले. मेसमध्ये जेवले. वरण दुसऱ्यांदा मागितलं. मग म्हणाले, होळीपर्यंत बघतो, आणि एकटेच शिरपूरच्या गाडीत बसले.

काकू, आता एक सांगते, राग मानू नका. न्यायला या म्हणून बाबांना मीच सांगितलं होतं. चक्कर हे निमित्त. दिपमालाला हे माहीत नाही. दीड वर्ष मी तुमच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, चव फार चांगली होती. पण तिचा डबा उघडायची वेळ झाली की मी पुस्तकात डोकं घालायचे, वाट बघते असं दिसू नये म्हणून. तिने बोलावलं की आधी नको म्हणायचे, मग घ्यायचे. रोज. त्याचा मला कंटाळा आला होता. शनिवारी रिकाम्या ताटांच्या रांगेत मीही बसले, तेव्हा मला कुणीच घे म्हटलं नाही. काकू, मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

म्हणून डबे आता पुन्हा सुरू करू नका. पण तुम्ही एकदा आमच्या मेसमध्ये जेवायला या. मी वाढीन. नको म्हणायचं नाही.

माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
रेशमा