कोमलचा पहिला सावन

१ मे, शुक्रवार

बुद्धपौर्णिमा. यंदा महाराष्ट्र दिनही आजच. सकाळी रेल्वे कॉलनीतल्या विहारात वंदना. प्रशिक आणि कोमल दोघंही आले, लग्नानंतर पहिल्यांदाच. बायकांनी आधी नवीन सून बघितली, मग वंदनेला बसल्या.

निघताना को.नं दारात विचारलं, "पप्पाजी, चूडा उतारना पडेगा?" पांढरी साडी, तिच्यावर लाखेच्या लाल बांगड्या कोपरापर्यंत. मी म्हणालो, तुझी इच्छा. ती जरा थांबली. मग आत जाऊन काढून आली.

सक्ती केली नाही याचं दिवसभर बरं वाटत होतं. संध्याकाळी प्र.नं सांगितलं, तिच्या आईनं फोटो बघितला आणि फोनवर रडली. "नई बहू को सफेद?" इकडच्या लोकांत पांढरं विधवेला. आमच्याकडे मंगल दिवसाला. हे कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं.

प्र.ची आई, सुमन, असती तर दोघींना सांगून मोकळी झाली असती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. अजून मी घरात फक्त निर्णय घेतो. चौकशी करणारं कोणी नाही.

१० मे, रविवार

झोटवाड्याला जाऊन आलो. भंवरलालजी, को.चे वडील. खाली लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप, वर घर. निघताना त्यांनी बायकोला खूण केली. ती आतून कापडाची पिशवी घेऊन आली. मी हात आडवा केला.

नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर म्हणालो होतो तेच पुन्हा म्हणालो. देणंघेणं नाही. आज नाही, पुढंही नाही. ना इधर से, ना उधर से.

भंवरलालजींनी हात जोडले. डोळे भरले होते. मुलीच्या बापाला मोकळं केलं.

को. कप उचलत होती. तिनं वर बघितलं नाही. (का लिहितोय हे, माहीत नाही.)

२१ जून, रविवार

सोसायटीची सभा. गच्चीवर, सूर्य गेल्यावरही फरशी तापलेली. १५ ऑगस्ट नेहमीप्रमाणे माझ्याकडे. झेंडा, भाषण, खुर्च्या. मुलांचा नाच को. बसवणार. तिनं स्वतःहून हात वर केला. मराठीत म्हणाली, "मी करते. मतलब, करीन." सगळे हसले, तीही.

कोणीतरी म्हणालं, यंदा तीज, इथल्या बायकांचा सावनातला सण, त्याच दिवशी. संध्याकाळी शहरात तीजेची सवारी, म्हणजे मिरवणूक, बायका सकाळपासून गडबडीत असतील, कार्यक्रम आदल्या दिवशी घ्या. मी म्हणालो, तीज दरवर्षी येते. मागून माथुरजी, "पंद्रह अगस्त भी हर साल आता है, साहब."

ठरलं तेच. सकाळी आठ.

आमच्या घरी सण थोडे. बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी. त्यांना धूप लागत नाही, उपास लागत नाही. कोणाच्या घरून काही यावं लागत नाही.

३० जुलै, गुरुवार

को. माहेरी गेली. यांचा सावन आजपासून. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात अजून आषाढ. पहिल्या सावनात सुनेनं आणि सासूनं एका छताखाली राहू नये म्हणतात.

मी म्हणालो, सासू तर नाहीच.

"तो आप ही सास हो, पप्पाजी."

बॅग उचलून हसत गेली. राखीनंतर येणार. नाचाच्या तालमीला झोटवाड्याहून बस बदलून येईन म्हणाली.

घर लगेच पहिल्यासारखं झालं. पहिल्यासारखं म्हणजे शांत. मला हे आवडायचं.

८ ऑगस्ट, शनिवार

तालीम झाली. को. मुलांना रांगेत उभं करत होती, घशाला ओरडून कोरड. तालमीनंतर परस्पर झोटवाड्याला गेली.

गेटपाशी मिसेस माथुर. "भाईसाहब, सिंजारा कब भेज रहे हो?"

विचारलं, म्हणजे काय. त्यांनी सांगितलं, तीजेच्या आदल्या दिवशी सासरहून सुनेला साडी, बांगड्या, मेंदी, घेवर नावाची मिठाई. पहिल्या वर्षी तर हमखास. ती साडी नेसून ती तीज करते.

"हम लोग नहीं मानते," मी.

"मानने की बात कौन कर रहा है? मैं तो बहू की बात कर रही हूँ."

जिना चढताना उत्तर सुचलं. ज्या घरात घेणं नाही त्या घरात देणंही नाही, नाहीतर मग पुन्हा तेच चक्र. चांगलं वाक्य आहे. भाषणात घालावं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा दोरीला बांधून बघितला. पाकळ्या उद्या सकाळी आणायच्या. कापड ओलं झालं की पाकळ्या आतच चिकटतात. गेल्या वर्षी निम्म्या पडल्याच नव्हत्या.

दुपारी को.ला फोन केला, आठच्या आत पोहोच म्हणून सांगायला. मागे बायकांचा गलका, ढोलकी. "पप्पाजी, हाथ में मेहंदी है, फोन बुआजी ने पकडा है."

मग बुआजीच बोलल्या. भंवरलालजींची बहीण, लग्नात एकदा बघितलेली. "समधीजी, सुबह से दरवाजा देख रहे हैं. सिंजारे में क्या झंडा ही आएगा?"

मागे हशा. को.चा आवाज, "बुआ, रहने दो ना."

मी शांतपणे म्हणालो, आमच्यात ही पद्धत नाही, भंवरलालजींना माहीत आहे. फोन ठेवला. बाजार इथून पाच मिनिटांवर. दुपारचे तीन वाजले असतील. झेंड्याच्या दोरीची गाठ पुन्हा तपासायला खाली गेलो.

१५ ऑगस्ट, शनिवार

को. साडेसातला आली. प्र. तिला आणायला गेला होता. हिरवी-पिवळी लहरियाची साडी, आडव्या लाटा पदरभर. हातावर गडद मेंदी. लाल चूडा.

बायका भोवती जमल्या. मी दोरी धरून पाच पावलांवर उभा.

"ससुराल का है?"

"हाँ. पप्पाजी ने भेजा."

माझ्याकडे बघून हसली. खोटं बोलणाऱ्याचं हसू वेगळं असतं. हे तसं नव्हतं.

मला वाटलं प्र.नं परस्पर पाठवलं. राग आला. मग बरं वाटलं. आठ वाजले. दोरी ओढली, पाकळ्या सगळ्या पडल्या. राष्ट्रगीत. मुलांचा नाच चांगला झाला. शेवटच्या रांगेतला एक मुलगा उलट फिरला, को.नं त्याला नजरेनंच वळवला.

मग भाषण. वाक्य कागदावर होतं. आमच्या घरच्या लग्नात आम्ही काही घेतलं नाही, काही दिलं नाही. वाचलं. टाळ्या पडल्या. को.नंही वाजवल्या, बोटं आखडून, मेंदी जपत.

खुर्च्या रचताना प्र.ला म्हणालो, मला सांगायचं तरी. त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली.

"मी? पप्पा, मला वाटलं तुम्ही पाठवली."

संध्याकाळी ते दोघं तिच्या घरच्यांबरोबर सवारी बघायला गेले. "चलो ना पप्पाजी, हाथी आता है, बैंड आता है. छोटे बच्चे कंधे पर बैठ के देखते हैं." मी म्हणालो, मंडपवाला खुर्च्या न्यायला यायचाय.

तो सहालाच येऊन गेला. नंतर गॅलरीत बसून होतो. शहराकडून बँडचा आवाज येतो असं वाटत होतं. इतक्या लांब येणं शक्य नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

झोटवाडा. भंवरलालजी वर्कशॉपमध्ये एकटेच, मशीन पुसत. विचारलं, साडी कोणी आणली?

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"बुरा मत मानना. आपका नाम लिया."

हळूहळू सांगितलं. बहीण सकाळपासून दारात बसलेली. गल्लीतल्या बायका येऊन विचारत होत्या, आया क्या, आया क्या. को. मेंदीचे हात पसरून बसलेली, उठून पाणीही पिता येत नव्हतं, पण रिक्षा थांबली की मान वळायची. बापाला बघवेना. काम आहे म्हणून बाहेर पडले. साडी घेतली, बांगड्या, घेवर. पिशवी गल्लीतल्याच एका रिक्षावाल्याला दिली आणि सांगितलं, माझ्या दारात जा, बनी पार्कहून, म्हणजे आमच्या घरून, आली म्हण. स्वतः मागून अर्ध्या तासानं आले आणि सगळ्यांसारखेच पिशवी बघायला वाकले.

"आपका वचन भी रह गया, छोरी का मान भी."

मी पैशांचं बोललो. बोलायला नको होतं.

"नहीं नहीं. आप तो लेन-देन नहीं करते."

टोमणा नव्हता. तो माणूस टोमणे मारत नाही. मशीन पुसायला पुन्हा वाकला.

को.ला माहीत आहे?

"ना. मालूम होना भी नहीं चाहिए. आप वचन दो."

दिलं.

परतताना बसमध्ये हेच. मुलीच्या बापाला खर्चात पाडायचं नाही, एवढंच तर होतं सगळं. आणि शेवटी मुलीच्या बापानंच...

जी एकच गोष्ट सासरहून त्या बाजूला जाते ती मीच बंद केली होती. बाकी सगळी आयुष्यभर इकडे येणारी. हे कोणी सांगितलं असतं तर कळलं असतं. मिसेस माथुरनी सांगितलंच होतं.

१९ ऑगस्ट, बुधवार

मिसेस माथुर घेवर घेऊन आल्या. "बहुत सुंदर लहरिया भेजा, भाईसाहब. मैं तो समझी थी आप लोग सूखे हो."

आभार मानले.

घेवर दमट हवेनं मऊ पडलेलं. खाल्लं. गोड होतं. दुसरं काय असणार.

२२ ऑगस्ट, शनिवार

बाजारात गेलो. साडीच्या दुकानासमोर उभा राहिलो. आत गेलो नाही. आता काहीही नेलं तरी बुआजी विचारतील, सिंजारा तर येऊन गेला, हे काय? भंवरलालजी उघडे पडतील. जे आठ दिवसांपूर्वी कोणीही सहज करू शकत होतं ते आता मी सोडून सगळ्यांना करता येईल.

शुभ्र झब्ब्यांचं कापड घेऊन आलो. गरज नव्हती.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

राखी. प्र. झोटवाड्याला जाऊन आला. जेवताना म्हणाला, "कोमल सगळ्यांना सांगते, पप्पाजी वरून कडक आहेत. बोलत नाहीत, पण करतात."

मी वरण वाढून घेतलं.

प्र.ला सांगावं असं मनात होतं. तो आनंदात होता. आणि वचन दिलंय. वचन पाळण्याबद्दल तिकडे माझं नाव आहे.

३० ऑगस्ट, रविवार

को. आली. चूडा हातात. दारातच पाया पडली. पाया पडायचं नाही हे या घरात पहिल्या दिवशी सांगितलेलं. आज म्हणता आलं नाही. माझे हात कुठं ठेवायचे ते कळेना.

"पप्पाजी, तुम्ही... तुम्ही कसं ओळखलं मला हिरवा आवडतो?" पाठ करून आली होती वाटतं. पूर्ण वाक्य, एकही हिंदी शब्द नाही.

मी म्हणालो, मराठी छान झालं तुझं.

ती उभी राहिली. मग आत गेली. १ मेला दारात अशीच थांबली होती.

३ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी चहा देताना को. म्हणाली, तशाच लहरियाचा दुपट्टा हवाय, मामाच्या मुलीसाठी. "दुकान कौन सी थी, पप्पाजी? इतवार को साथ में चलते हैं. इस बार मैं भी देखूँगी आप कैसे चुनते हो."

चेहरा साधा. काही कळत नाही. माहीत नसेल. किंवा असेल, आणि मला एकदा दुकानात न्यायचं असेल. बापाच्या गल्लीतला रिक्षावाला तिनं ओळखला नसेल? दारात बसून दिवसभर रिक्षाच तर बघत होती.

दुपारी भंवरलालजींचा नंबर काढला. दुकान विचारलं तर ते लगेच सांगतील. गल्ली, खूण, कोणत्या बाजूला. आणि पुन्हा माफी मागतील, मला खोटं बोलावं लागतंय म्हणून. फोन ठेवून दिला.

संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं. "चलोगे ना?"

हो म्हणालो.

परवा रविवार नाही, तेरवा. बाजारात उतरल्यावर ती विचारेल, किधर? मग मी कुठल्यातरी दुकानाकडे बोट दाखवीन, किंवा तिथंच रस्त्यात तिला सांगीन, साडी मी पाठवली नव्हती.