तीन खाचांचा चाकू आणि बाकीची मालमत्ता

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पार्सल खात्यात एकतीस वर्षे खोकी आणि गठ्ठे बांधून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्ती तर गरजेपेक्षा जास्तच शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोके मात्र तापलेले आहे. तापलेले डोके आणि फिरलेले डोके यांत फरक असतो, हे डॉक्टरांनाही मान्य आहे.

पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा मला नात नव्हती.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, मुलगा व मुलगी यांना समान वाट्याने. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी मुद्दाम उलट बसवून घेतली आहे. "ही कुणी बसवली असली?" असे म्हणून कोणी ती सरळ करू नये. मी बसवली.

कलम २. बँकेतली ठेव दोघांना निम्मी-निम्मी. सोन्याच्या चार बांगड्या सुनेला. ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. हे तोंडाने म्हणायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिते.

कलम ३. मुलाने माझ्या निवृत्तीला दिलेला चौदा अवजारांचा चाकू त्याचा त्याला परत. त्यात करवत आहे, बाटलीचे बूच काढायचा स्क्रू आहे, भिंगसुद्धा आहे. मी काय जंगलात राहायला जाणार होते? वजन इतके की दोन झग्यांचे खिसे उसवले. शिवाय सगळी अवजारे उजव्या हाताने उघडायची. लेका, तू माझ्या पोटचा, पंचवीस वर्षे माझ्यासमोर जेवलास, आणि दुकानात उभा असताना तुला माझा हात आठवला नाही.

कलम ४. माझा रोजचा चाकू. हे कलम लांबणार आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, एवढ्याशा वस्तूला एवढी जागा?" मी म्हटले, "कागद माझा आहे ना? मग लिहू द्या."

मी डावखुरी आहे. खात्यात मला सगळे 'डावी' म्हणत. लिहायला मात्र उजव्या हाताने शिकले, कारण शाळेचा अभ्यास करताना आई माझा डावा हात टेबलाच्या पायाला बांधून ठेवायची. पण सुतळी कापायला शाळा लागत नाही, ते काम डाव्यानेच यायचे. दिवसाला दोनशे गाठी. प्रत्येक गाठीला कात्री शोधत बसले तर गठ्ठे तसेच पडून राहणार, म्हणून प्रत्येकाच्या खिशात घडीचा चाकू असायचा.

आता हा चाकू कसा असतो, ते उजव्या लोकांना कधीच कळत नाही, कारण त्यांना तो अडत नाही. पाते उघडायला नखाची खाच असते ती एकाच बाजूला, उजव्या अंगठ्यासाठी. उघडलेले पाते मिटू न देणारी आतली पट्टी असते तीही उजव्या अंगठ्याने सरकवायची. मी दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने तर ऐकवले, "बाई, डाव्यांसाठी वेगळं काही येत नाही. तुम्हीच सवय बदला." त्याच्याकडचा पट्टीचा चाकू नाइलाजाने घेतला. चौथ्या महिन्यात तो मिटताना पट्टी सरकवायला मला तर्जनी पात्याच्या वाटेत न्यावी लागली, आणि पाते बोटावर मिटले. जखम चिघळली. डाव्या तर्जनीचे वरचे पेर डॉक्टरांनी काढले.

आमच्या साहेबांनी नोंदवहीत लिहिले, 'डाव्या हाताने काम केल्यामुळे अपघात.' त्या साहेबांना मी माफ केलेले नाही. ते वारले, तरीही नाही.

त्यानंतर नवऱ्याने एक साधा चाकू आणला. पट्टी नाही, खटका नाही, लाकडी मूठ, पाते माझ्या मधल्या बोटापेक्षा आखूड. खिशात आहे की नाही ते चाचपून बघावे लागे, इतका हलका. खाच मात्र एकाच बाजूला. नवरा कारखान्यात लेथवर होता. म्हणाला, "त्यात काय, मी पाडून देतो." संध्याकाळी आला तो मोठ्या ऐटीत. बघते तर दुसरी खाच पहिलीच्या शेजारी, त्याच बाजूला! गृहस्थाने स्वतःच्या हातात धरून माप घेतले होते. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी त्याने चाकू माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "तू उघड. मी नुसता बघतो." मी उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. लग्नाला अकरा वर्षे झाली होती आणि तो माझा हात पहिल्यांदा बघत होता. तिसरी खाच बरोबर पडली. तोच चाकू मी छत्तीस वर्षे वापरते आहे. नवरा आता नाही. मला त्याची फार आठवण येते.

हा चाकू मी माझ्या एकुलत्या एक नातीला, म्हणजे मुलाच्या मुलीला देते. ती आज आठ वर्षांची आहे. सोळा पूर्ण होईपर्यंत तो तिच्या आत्याकडे राहील. नातही डावखुरी आहे.

कलम ५. आता डोके कशाने तापले ते लिहिते. गेल्या महिन्यात मी मुलाकडे गेले, तेव्हा नात गृहपाठ करत होती आणि तिच्या डाव्या हातावर मोजा चढवून मनगटाशी रुमालाची गाठ मारली होती. मी गाठ कापली. मुलगा ओरडला, "आई, तू मध्ये पडू नकोस!" मी म्हटले, "माझ्या आईने केलं तेच तू करतोयस. लाज वाटत नाही?" तो म्हणाला, "तुझ्या बोटाकडे बघूनच करतोय. डाव्या हाताने काम केलं म्हणून बोट गेलं, असं तूच मला सांगितलं होतंस. मी चार वर्षांचा होतो. मी विसरलो नाही."

ते खरे आहे, मीच सांगितले होते. पोराने विचारले, मी दमलेली होते, आणि नोंदवहीतले वाक्य तोंडात तयार होते. ज्या वाक्यासाठी साहेबांना इतकी वर्षे शिव्या दिल्या, ते मीच माझ्या घरात आणून ठेवले. आणि त्यासाठी एका मुलीचा हात बांधला जातो आहे.

नातीचा हात मोकळा सोडला तरच मुलाला घराचा वाटा मिळेल अशी अट घालावी, असे माझ्या मनात होते. वकीलबाई म्हणाल्या, "अशी अट टिकायची नाही, काकू. आणि रोज कोण बघायला जाणार?" तेव्हा अट घालत नाही. घराचा अर्धा वाटा मुलाला बिनशर्त. त्याऐवजी माझा जबाब दुरुस्त करते, तो सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा: माझे बोट डाव्या हातामुळे गेले नाही. उजव्या हातासाठी केलेल्या चाकूमुळे गेले. मुला, मी तुला चुकीचे सांगितले. चूक माझी होती. तिचा हात सोड.

कलम ६. नातीस. बाळा, माझा चाकू आठवण म्हणून ठेव. तुझा रोजचा तू स्वतः निवड, कारण माझी मूठ तुझी नव्हे. दुकानात दहा वेळा उघड आणि मिट, एकट्या डाव्या हाताने, आणि मिटताना एकही बोट पात्याच्या वाटेत येता कामा नये. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. हलका घे, जड चाकू चार दिवसांत घरी राहतो आणि नेमका लागतो तेव्हा हाताशी नसतो. पाते आखूड पुरते. डब्याची झाकणे उचकटायला कोणाला देऊ नकोस. वडिलांनासुद्धा नाही. आणि कोणी म्हणाले सवय बदल, तर दुकान बदल.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी करील. ती परिचारिका आहे, रडारडीत तिचे काम अडत नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही (उजव्या हाताने, बँकेत आहे तशी)

सही (डाव्या हाताने)

साक्षीदारांचे निवेदन: बाईंनी आम्हा दोघांसमक्ष आधी उजव्या हाताने सही केली. मग पेन डाव्या हातात घेऊन खाली दुसरी केली. आयुष्यात त्या हाताने प्रथमच लिहीत असल्याचे त्यांनी सांगितले. वेळ लागला. कोणी मदत केली नाही. दुसरी सही वाकडी आहे. ती खोडून टाकू का, असे वकीलबाईंनी विचारले असता बाई म्हणाल्या, "वरची खोडा हवी तर. माझी ही आहे."

दोन्ही सह्या ठेवल्या आहेत.

साक्षीदार १: शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार २: डॉक्टर, दाखला देणारे (सही)

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: महिन्याची नऊ तारीख, मंगळवार, सकाळ