माझ्या नावावरचं तुझं रक्त

सोमवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. वहिनीचा खोकला थांबला का? तुझ्याकडे गाडी शिकणाऱ्यांपैकी कुणी पुन्हा खांबाला धडकलं नाही ना?

पत्र कसलं लिहितोयस, म्हणशील. गेल्या आठवड्यात चारदा फोन केला आणि चारही वेळा हवापाण्यावर बोलून ठेवून दिला. आत्ताही दोनदा उठून लॅबची खिडकी लावायला गेलो. ती आधीच बंद होती.

दरवर्षी मी घरी येऊन तुझं रक्त काढतो, प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीसाठी. रांगेत बसायचं म्हटलं की तुझा जीव जातो, म्हणून. ती नळी मी कर्मचाऱ्यांच्या यादीत माझ्याच नावानं घालत होतो. फुकट आणि झटपट. आकडा चारच्या आत आला की तुला कळवायचो, "नॉर्मल आहे, ऐश कर." चार वर्षं हेच कळवलं. आदल्या वर्षी किती होता, हे एकदाही उघडून पाहिलं नाही.

मागच्या महिन्यात लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं. ते एका माणसाचे जुने आकडे जोडून रेघ काढतं. मंगळवारी आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून दार लावून घेतलं. पडद्यावर होतं: ०.९, १.४, २.३, ३.८.

"चारच्या आत आहे, पण चढ बघा," त्या म्हणाल्या. "इतक्या वेगानं वाढतं तेव्हा कॅन्सर आक्रमक असू शकतो. असेलच असं नाही, पण थांबायचं नाही. पुढच्या तपासण्या लगेच करा."

मी "बरं" म्हणून बाहेर आलो.

दादा, ते आकडे तुझे आहेत. माझं रक्त मी कधी तपासलेलंच नाही.

सहा दिवस मूग गिळून बसलो. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, ही भीती. आज सकाळी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या भयंकर भडकल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या नोकरीचं नंतर बघू. आधी भावाला आणा." गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय, प्रोस्टेटच्या तज्ज्ञांकडे, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. त्या दिवशीची शिकवणी रद्द कर. वहिनीलाही आण.

एक राहिलं. ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. बाई आकडे दाखवत होत्या, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते, 'हे माझं नाही.' इतकं हायसं वाटलं की बाहेर येऊन मी चहा मागवला आणि सावकाश प्यायलो. तू आठवलास तो कप रिकामा झाल्यावर. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

हे पत्र आज तुझ्या पत्रपेटीत टाकून जातोय. बेल वाजवायची हिंमत नाही. शिव्या द्यायच्या तर गुरुवारी समोर दे, हव्या तेवढ्या दे. पण येच.

तुझा, तू ठेवशील तर,
धाकटा