घासलेल्या काचेवरचा माणूस

प्रिय बाय,

लिहीन लिहीन म्हणत राहिलो आणि लिहिलं नाही. आधी वाटलं फोन करावा, पण दाभोशात टॉवर धरायला टेकाडावर चढावं लागतं, आणि चढून उपयोग काय, तुझा फोन तुझ्या सासूच्या कमरेला. तिने आधी ऐकावं असं हे नाही. मग कागद मागितला, पेन मागितला, आणि समोर दोन कोंबडे भांडत होते ते बघत अर्धी सकाळ घालवली. अक्षर कापरं आलंय. हसू नकोस, ते तूच गिरवून घेतलंस, आश्रमशाळेने नाही.

भिवंडीचं गोडाऊन सोडलं. आयेला सांग, मला काढलं नाही, मीच सोडलं. ती विश्वास ठेवणार नाही, तरी सांग. जव्हारच्या एसटी स्टँडवर एक ताई भेटल्या नाशिकच्या, लोखंडी पेटी आणि तीन पायांची लाकडी घोडी घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, उचलशील का? उचलली, तेव्हापासून उचलतोच आहे. शिरपामाळावर गेलो, तिथे फिरायला आलेल्यांनी आमच्याच कॅमेऱ्यासोबत आपापले फोटो काढून घेतले. ताईंनी त्यांना असलं काही ऐकवलं की ते लिहिता येत नाही. त्यांना पाड्यापाड्यावरच्या माणसांचे फोटो काढायचेत, मोठ्या कॅमेऱ्यावर. मोठा म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याएवढा. पुढे भिंग, मागे काच, आणि मध्ये लोहाराच्या भात्यासारखा कातडी भाता. तो लांब-आखूड केला की माणूस काचेवर स्पष्ट होतो नाहीतर धुकट.

ही काच साधी नाही चालत. साध्या काचेतून उजेड आरपार निघून जातो, थांबत नाही. एका बाजूने ती घासून खरखरीत केली की उजेड त्या खरखरीत अडकतो आणि चित्र दिसतं. मला हे कसं माहीत, तर जुनी काच मोखाड्याच्या घाटात जीप आदळली तेव्हा फुटली. ताई रडायच्या बाकी होत्या. मग खिडकीची काच आणली, पाण्यात घासायची पूड कालवली आणि दुसऱ्या काचेच्या तुकड्याने दोन दिवस गोल गोल घासत बसलो, तू वरवंटा फिरवायचीस तसा. दुधासारखी झाली. मग मी ती उलटी बसवली, खरखरीत बाजू आपल्याकडे. ताई ओरडल्या, "अरे बाबल्या, खरखरीत तोंड भिंगाकडे! फिल्म बरोबर त्याच जागी येते. काचेच्या जाडीएवढं जरी सरकलं तरी माणूस धुकट निघेल." माझं नाव रघ्या आहे हे त्या विसरतात. चिडल्या की सगळेच बाबल्या.

आणि काळं फडकं डोक्यावर घेऊन त्या काचेवर पाहिलं, तर जग उलटं. झाडं खाली लोंबतायत, आभाळ पायाशी. मी मान वाकडी करून बघायला लागलो तर ताई म्हणाल्या, मान नको उलटी करूस, मन उलटं कर. ते मला जमलंय असं मला वाटलं. वरचं खाली, खालचं वर, एवढंच ना. इथेच माझं चुकलं, बाय, आणि हे सगळं मी फिरत फिरत सांगतोय कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

गेल्या बाजाराच्या दिवशी दाभोशात पुष्पा नावाच्या बाईच्या अंगणात आम्ही स्टूल मांडलं. मी फडक्याखाली होतो, रिकाम्या स्टुलावर काच जुळवत. तेवढ्यात कोणीतरी येऊन बसलं. उलट्या काचेवर माणसाचं तोंड पहिलं दिसत नाही, पाय दिसतात, कारण पाय वर असतात. आणि ते पाय एकमेकांवर घासत होते. उजव्या-डाव्याचं कळत नव्हतं, पण एका पायाचा अंगठा दुसऱ्या घोट्यावर, वर-खाली, वर-खाली, डास नसताना. तुला माहितीये असं कोण बसायचं. तू त्याला म्हणायचीस, घोटा झिजेल एक दिवस. माझ्या तोंडातून फडक्याखालीच निघून गेलं, "जैतू दाजी?" तो अंगठा थांबला.

मग मी हात शोधला. दाजीच्या डाव्या हाताची दोन बोटं विटांच्या मशीनने नेलेली. काचेवर तीन बोटांचा हात दिसला, पण माझ्या डाव्या बाजूला. समोर बसलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, म्हणजे हा उजवा. म्हणजे दाजी नाही, दुसराच कोणी बोटं गेलेला. आपल्याकडे काय कमी आहेत का असले. मला एवढं हलकं वाटलं की मी फडक्याखाली एकटाच हसलो. तोपर्यंत ते पाय काचेवरून उठले आणि डावीकडे निघून गेले.

मग पुष्पा बसली, कडेवर एक पोर, अजून चालायला न लागलेली. तिने पदर सगळ्या घेतात तसा डाव्या खांद्यावर घेतला असणार, पण काचेवर तो उजव्या खांद्यावर. मी डोकं बाहेर काढून पाहिलं, पदर डाव्यावर. आत गेलो, उजव्यावर. बाहेर, डाव्यावर. ताई म्हणाल्या, "कासव झालास काय?" आणि तेव्हा मला कळलं की काच नुसतं वरचं खाली करत नाही, ती डाव्याचं उजवंही करते. म्हणजे तो हात डावाच होता.

मी फडकं टाकून पळालो. आणि बघ माझं डोकं, हाताचं उलटं मला कळलं, पायांचं उलटं करायला विसरलो. काचेवर तो डावीकडे गेलेला, म्हणून मी डावीकडे, नदीपर्यंत धावलो. नदीवर कपडे धुणाऱ्या बायांशिवाय कोणी नाही. तो उजवीकडे गेला होता, सवारी जीपच्या रस्त्याला. परत आलो तोवर जीपही गेलेली. ताईंनी पुष्पाचा फोटो काढला. त्याचा नाही. काचेवर माणूस बसलेला असतो तोवरच असतो, तो उठला की काच रिकामी. माझ्याजवळ तुला दाखवायला काही नाही, बाय. नुसतं मी पाहिलं एवढंच आहे.

मग लोकांना विचारलं. इथे त्याला नवशा म्हणतात. पुष्पाच्या बापाकडे घरजावई राहतो, भाताला, नागलीला हाताशी असतो. कुठला विचारलं की हसतो. ती पोर त्याची. सांगू की नको असं झालं होतं, सांगून टाकलं. आणि एकजण म्हणाला, प्यायला की नवशा एक गंमत सांगतो. म्हणतो, मी माझ्याच दिवसाचं जेवण लांबून बघून आलोय, मटण चांगलं होतं, पण मला कोणी वाढलं नाही. सगळे हसले. मी नाही हसलो.

कारण मला तो दिवस आठवतो. खाडीत रेतीची बोट उलटली, त्याचा टॉवेल घरी आला, माणूस नाही आला. गवताचा पुतळा करून जाळला. तू बांगड्या फोडल्यास तेव्हा मी तुझ्यामागे उभा होतो. पाडा जेवला. आणि हा त्या वेळी शेताच्या पलीकडे उभा होता, बाय. पोहून निघाला असेल, कुठेतरी पडून राहिला असेल, बरा होऊन चालत आला तो नेमका स्वतःचा पुतळा जळताना. दिवस घातलेला माणूस उंबऱ्यात आला तर घर खातो, असं आपली म्हातारी माणसं म्हणतात. त्याने ते खरं धरलं असेल. की भीती वाटली, की लाज, की दुसरंच काही, मला नाही माहीत. मला राग येतोय आणि तो कुठे ठेवू ते कळत नाही. दर नव्या भाताला तू त्याच्या नावचा घास पानावर घालून कुडाच्या बाहेर ठेवतेस. कावळा शिवेपर्यंत जेवत नाहीस. आणि तो इथे बसून दोन भाकऱ्या खातोय.

आता हे का लिहिलं ते. होळीच्या आधी देवरामशी तुझा पाट लागतोय, आणि तो लावतेय जैतूचीच आई, पोटच्या पोरीसारखं तुझं करून. देवराम मला आवडतो. जीप चालवताना शिट्ट्या मारतो तेवढं सोडलं तर त्याच्यात खोट नाही. त्याला नाही म्हण असं मी म्हणत नाही. पण पाट मेलेल्याच्या बायकोचा लागतो. नवरा जिवंत असेल तर पंचांसमोर काडी मोडावी लागते, मग नवं घर. ती काडी मोडायची, की ठेवायची, हे तू ठरवायचंस, नाहीतर मागून कोणी उठून तुला दोष देईल. म्हणून हे पत्र ताईंसोबत पाठवतोय, त्या आज तुमच्या खोडाळ्यावरूनच जाणार आहेत. एवढं लिहून मी घडी घालत होतो, तर ताईंनी हाक मारली, "रघ्या, बाहेर ये." माझं नाव बरोबर घेतलं, तेव्हाच मी घाबरलो. बाहेर ते स्टूल अजून मांडलेलं आहे, आणि त्यावर तो बसलाय, त्या दिवशी गेलेला आज परतलाय. डोकं वर, पाय खाली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "रघ्या, आई आहे का रं अजून?" मी हो म्हटलं. मग घोटा घासत म्हणाला, "मलाबी ने." घडी परत उघडून एवढं घाईत लिहितोय, जीप सुरू झालीये. ताईंना सांगून ठेवलंय, पत्र आधी तुझ्या हातात द्यायचं, तू वाचेपर्यंत त्याला पाराजवळ जीपमध्येच बसवायचं, मी त्याच्या शेजारी असेन. सावकाश वाच. म्हातारीला आधी खाली बसव. तू हो म्हणून मान हलवलीस तर त्याला उतरवतो, नाही हलवलीस तर तसाच परत नेतो.

तुझाच,
रघ्या