ह्यांच्या नंबरची दुसरी गाडी

३ नोव्हें., सोम.
उपास. दुपारी ह्यांच्या फोनवर मेसेज. पुण्यात विनाहेल्मेट गाडी चालवली, दंड भरा. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. स्कूटर मागीलदारी ताडपत्रीखाली, चाक फिरलेलं नाही.
लेकीला, सुमीला चिपळूणला फोन लावला. "तरी सांगत होते, बाबांच्या फोनचा रिचार्ज बंद कर." म्हटलं, गॅसचा ओटीपी त्यावरच येतो. कारण तेवढंच नाही, पण ते तिला कशाला.

४ नोव्हें.
मेसेजमधला फोटो कसा उघडायचा ते सुमीने सांगितलं. सिग्नलला करडी स्कूटर, पाठमोरा पुरुष, पांढरा शर्ट. नंबर आपलाच, शेवटच्या आकड्यापर्यंत. क्षणभर वाटलं की
देवापुढे बसले. मग परत बघितला. डोकं उघडं. हे गिरणीत जातानाही हेल्मेट घालायचे, गिरणीवाला हसायचा. मिरकरवाडा बंदरावरून मासळी आणायला मागे जाळीची टोपली बसवून घेतलेली, तीही नाही. दुसरीच गाडी.

५ नोव्हें., पौर्णिमा
भावजी आले. "वहिनी, दंड भरून मोकळ्या व्हा. पुण्याशी कोण भांडत बसणार?" म्हटलं, आज हेल्मेट आहे, उद्या त्याने कुणाला उडवलं तर? पोलीस कुणाचं नाव घेऊन दारात येतील?
चहा संपवला, कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दादाचंच." शुक्रवारी बरोबर येतो म्हणाले.

७ नोव्हें., शुक्र.
पोलीस ठाणे. हवालदार बाई बऱ्या होत्या. सांगितलं, आमचे हे हेल्मेटशिवाय बसायचेच नाहीत. "काकू, हा पुरावा होत नाही." टोपलीचं सांगितल्यावर मात्र फोटो डोळ्यांजवळ नेला. तक्रार घेतली.
"साधी पाटी कुणीही रंगवून घेतं. ती नवीन सरकारी पाटी बसवलीत का?" नाही. उभ्या गाडीला कशाला खर्च, म्हणून राहिलं.
"अहो, उभ्या गाडीचाच नंबर सोयीचा. ती रस्त्यावर समोर येत नाही ना."
परत येताना हेच डोक्यात.

१८ नोव्हें., मंगळ.
आज नवी पाटी बसवायची तारीख, सुमीने ऑनलाइन घेतलेली. भावजी गाडी ढकलत फाटकापर्यंत आले, तर शेजारची नलू कुंपणावरून, "काय गो, पुण्याला निघालीस काय, तुझ्या ह्यांना बघायला?" मेली कुठली. पण हसले. तीही डोळे पुसत हसली.
नवी पाटी चकचकीत, चक्राचं चित्र, तिचा स्वतःचा वेगळा क्रमांक बारीक कोरलेला. केंद्रावरचा पाटी बसवणारा म्हणाला, खिळा एकदा बसला की सुटत नाही, काढायला गेलं तर मोडतो. म्हणजे उचलून दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. बरं आहे.
जुन्या पाटीच्या कोपऱ्यात ह्यांनी ब्रशने श्री काढलेला. विचारलं, नवीवर एवढासा काढला तर? "देवाचं असलं तरी नाही, काकू."
जुनी पाटी आकड्यांमधून कापली, मग माझ्या हातात दिली. श्री शाबूत.

१९ नोव्हें.
श्रीचा तुकडा देवघरात. दुसरा भंगारात टाकवत नाही. अजून ओट्यावर. खर्च मांडला. 'गाडी' हे खातं वर्षाने उघडलं.

२७ नोव्हें., मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
घट मांडला. आरती झाली नि ह्यांचा फोन वाजला. पुन्हा पुणे, तीच करडी गाडी. पाटी जुन्या पद्धतीचीच, आता तरी ओळखू येईल म्हणावं. भावजी उद्या फोटो ठाण्यात नेऊन देतात.
या वेळी त्याची मान वळलेली. तिशीचा असेल. मागे शाळेच्या कपड्यात लहान मुलगी, त्याचा शर्ट मुठीत धरून. दोघांची डोकी उघडी.
देवीला म्हटलं, लवकर सापडू दे. तोवर सावकाश चालवू दे.
ह्यांचा रिचार्ज परवा संपतो. करायला हवा.