दोन नंबरची मॅगझिन आणि माझं तेल

३ मार्च, सोमवार. दुपार.
ही वही सुनेने हिशोबाला आणली होती, पण तिला मोबाइलवरच जमतं म्हणे. म्हणून मी घेतली. मी चौथीपर्यंतच शिकले, पण शिलाई मशीन चाळीस वर्षं चालवली. मशीन चालवणाऱ्याला काय नाही जमत?

आनंदाची गोष्ट आधी. नातीला नवीन पिस्तूल मिळालं! छोटं, हातात मावेल एवढं. ती नेमबाजी करते. पिस्तूल क्लबच्या कपाटातच कुलूपबंद असतं, घरी आणायचं नाही असा नियम. नियम चांगलाच. पण पोर उदास. गोळ्या मध्येच अडकतात. म्हणे दोष मॅगझिनचा असावा. म्हणजे गोळ्या भरायची डबी. आत स्प्रिंग, ती गोळ्यांना वर ढकलते. मी म्हटलं, अगं, हे तर मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या डबीचं, बॉबिन केसचं मोठं भावंड!

१६ तारखेला संघाची निवड चाचणी. प्रत्येकीला घरच्या एकाच माणसाचा पास. कोण जाणार ते विचारायलाच नको. लहानपणी तिचे सगळे फ्रॉक कोणी शिवले?

४ मार्च, मंगळवार.
सुनेची आई आली. डोळे तपासायला, पंधरा दिवस. तिच्या मालकांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आल्या आल्या नातीला टेबलावरचं घड्याळ दिलं. टिकटिक इतकी मोठी की शेजारी ऐकून चहाला येतील.

नात तिला घड्याळआजी म्हणते आणि मला मशीनआजी. बरोबरीचं झालं, पण घड्याळ हा शब्द आधी उच्चारते. माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी नातीने दोन रिकाम्या मॅगझिन डब्यात घालून आणल्या. नेलपॉलिशने एकीवर १, दुसरीवर २ लिहिलं. कोणती अडकते ते वहीत टिपायचं, म्हणजे दोष पिस्तुलाचा की डबीचा ते कळेल. आम्हाला दोघींना बजावलं, कोणी हात लावायचा नाही. मग घड्याळवालीने डोळ्याला भिंग लावून, हात मागे बांधून, नुसतं बघितलं. म्हणाली, स्प्रिंग नवी आहे, घट्ट आहे, वापरून मऊ होईल, फक्त कोरडी ठेव. नात म्हणाली, घड्याळआजी, तू ग्रेट आहेस.

कोरडी! मशीनला कोणी कोरडं ठेवतं का? मला हेवा वगैरे काही नाही. माहिती चुकीची जायला नको, एवढंच.

५ मार्च, बुधवार. सकाळी.
ठरवलं. हात लावायचा नाही.

तीच तारीख. दुपारी चार दहा.
लावला. दोनच थेंब, मशीनचं तेल, तेही दोन नंबरलाच. एक नंबर तशीच ठेवली. तुलना नको का? हे शास्त्र आहे.

७ मार्च, शुक्रवार.
नातीची वही हळूच पाहिली. एक नंबर एकदा अडकली. दोन नंबर पाच वेळा. याचा अर्थ उघड आहे. तेल कमी पडलं. आता रोज घालायचं.

आज जेवताना घड्याळवाली सांगत होती, स्प्रिंगला घाई केली की ती सूड उगवते. सगळे तोंडाकडे बघत राहिले, माझा मुलगासुद्धा! सासूकडे जावई इतकं टक लावून बघतो, हे काय चांगलं लक्षण? मी दोनदा खोकले. कोणी पाणी विचारलं नाही.

९ मार्च, रविवार.
दोन नंबर उघडली. खालची पट्टी सरकवली आणि स्प्रिंग टणकन उडाली, कपाटाखाली. झाडूने काढली. चिंध्यांच्या टोपलीतून एक लाल कापड घेतलं, पुसली, चांगली न्हाऊ घातली तेलात. परत घालताना दोन्ही बाजूंनी जात होती. जी बाजू सहज गेली ती बरोबर. मशीनच्या कामात अंदाज महत्त्वाचा.

एक नंबर आज डब्यात दिसली नाही. पोरीने टाकून दिली असेल, बिचारी हरली. आता सगळी मदार माझ्या दोन नंबरवर.

११ मार्च, मंगळवार.
दोन नंबर अजिबात चालेना. पहिली गोळीच वाकडी वर येते. नात जेवली नाही. काळीज तुटलं.

पण गुन्हेगार सापडली! सकाळी बाल्कनीत विहीणबाई दोन नंबर मांडीवर घेऊन कपड्याने पुसत होत्या. न उघडता, वरूनच काड्या घालघालून पुसत होत्या. माझं तेल! रोज घातलेलं तेल रोज काढतेय बाई! म्हणूनच तर अडकते. मी चहाचा कप न उचलता परत आले.

१२ मार्च, बुधवार.
नातीला सांगितलं. आपण कोणाचं वाईट चिंतत नाही, पण खरं ते खरं. तिने घड्याळवालीला विचारलं. ती म्हणाली, हो, पुसते. बस! आणखी काही नाही. ना सफाई, ना रडणं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग नातीने मला विचारलं, मशीनआजी, तेलाची बाटली कुठे आहे गं? मी म्हटलं, कशाला, तुला हवी का? म्हणाली, नाही, सहज.

मी जिंकले. जेवण गोड लागलं.

१४ मार्च, शुक्रवार.
पास माझा! माझा!! नातीने माझ्याच हातात दिला, घड्याळवालीच्या देखत. म्हणाली, मशीनआजी, त्या दिवशी तू माझ्या नजरेसमोरच हवीस. घड्याळवाली म्हणाली, बरोबर आहे, तुम्हीच जा विहीणबाई. मला तिची दया आली. निळी साडी इस्त्री केली.

१६ मार्च, रविवार. परत आल्यावर.
आधी खूशखबर. पोर संघात आली. पाचजणींत चौथी. एक नंबरने सगळ्या गोळ्या मारल्या. एकही अडकली नाही.

एक नंबर टाकली नव्हती. आठवडाभर घड्याळवालीच्या बॅगेत कुलूपबंद होती. किल्ली तिच्या गळ्यात.

बाकीचं पण लिहिते, वही माझीच आहे. चाचणी संपल्यावर कोचने दोन नंबर उघडली. तेल टपकलं. स्प्रिंग उलटी निघाली, पुढची बाजू मागे. तिला गुंडाळलेला हातभर लाल दोरा. कोच म्हणाले, ही कोणी शिवायला टाकली होती का? नात म्हणाली, सर, जिने टाकली ती मागच्या बाकावर आहे, निळी साडी. सगळ्यांनी वळून बघितलं. मी हात हलवला. मला वाटलं कौतुक करतायत.

रिक्षात तिला विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाली, पहिल्याच दिवशी वास आला, आजी. आणि घड्याळआजी रोज निस्तरत होती, मला म्हणाली, मशीनआजीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. मी विचारलं, मग पास मला का? म्हणाली, तुला दिला नसता तर आज मी निघायच्या आधीच तू बॅगेचं कुलूप उघडलं असतंस.

नाही म्हणणार होते, पण कसं म्हणू? हेअरपिनने ते उघडतं का हे मी शुक्रवारीच पाहिलं होतं, आत काय आहे ते माहीत नसतानाही.

घरी घड्याळवालीने दार उघडलं. एवढंच विचारलं, आली ना पोर संघात? आणि चहा टाकला. माझ्या कपात साखर माझ्यासारखीच, दीड चमचा. कधी बघितलं हिने?

ती आता महिनाभर राहणार. नातीने थांबवून घेतलंय, पुढच्या सामन्यांपर्यंत. राहू दे. बाई वाईट नाही, हे मीच आधी ओळखलं होतं.

फक्त तिच्या त्या घड्याळाची टिकटिक आज फार कोरडी येतेय. सगळे बाहेर गेलेत. बाटलीत थोडं उरलंय.

दोनच थेंब.