पत्रकातली तिसरी ओळ

शुगर लँड, बुधवार, ५ नोव्हेंबर १९८६. संध्याकाळ

सुधीर निवडणुकीत पुन्हा पडला. दोन वर्षांपूर्वी वाटलं होतं, पहिलीच वेळ आहे, चालायचंच. आता काय म्हणू? इथल्या काँग्रेसमधली, म्हणजे इथल्या संसदेतली, जागा माझ्या मुलाला कोण देतंय?

महिनाभर त्याच्या पत्रकांच्या घड्या मीच घातल्या. बोटं अजून दुखतात. आज उरलेली पत्रकं खोक्यात भरताना नातीला म्हटलं, "प्रिया, यात लिहिलंय तरी काय?" माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी.

तिने वाचलं. टॅक्स कमी करणार. देव, कुटुंब. तिसऱ्या ओळीवर अडखळली. "आजोबा, इट सेज... ज्याला इंग्लिश येत नाही, त्याला सिटिझन करायचं नाही."

म्हणजे मला? आणि घडी नेमकी त्याच ओळीवर पडते. नखाने दाबून दाबून घातली मी.

मग सुधीर जवळ येऊन बसला. "बाबा, अठ्ठ्याऐंशीला परत उभा राहतो. तोवर तुम्ही सिटिझन होऊन टाका. घरचं एक मत तरी वाढेल."

थट्टा करत होता, की स्वतःचीच ओळ विसरला? विचारायला हवं होतं. पण चेहरा इतका उतरलेला, की मी नुसतं "होतो" म्हणालो.

लोकांना आवडेल म्हणूनच लिहिली असणार ती तिसरी ओळ. तरी मतं मिळाली नाहीत. पुढच्या वेळी आणखी कडक लिहील. आणि घड्या घालायला मीच बसेन.